खुराक वाढवला आणि फॅट उतरली: गाईच्या कोटीपोटात नेमकं काय घडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाय व्यायला तीन आठवडे झाले. आठव्या दिवसापासून तुम्ही खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचं खाद्य, वाढवायला घेतला आणि चार दिवसांत चार किलोंवरून नऊ किलोंवर नेला. दूध आधी छान चढलं. मग ते दोन-अडीच लिटरने खाली आलं, फॅट 4.1 वरून 2.9 वर उतरली, शेण पातळ आणि फेसकट झालं, त्यात मक्याचे तुकडे दिसू लागले. गाय एक दिवस नीट खाते, दुसऱ्या दिवशी अर्धं गव्हाणीतच टाकते. तिच्या पोटातले जिवाणू मेले म्हणून जिवाणूंची पावडर द्या, असं कुणीतरी सांगितलं. ती द्यावी का, आणि कोणती?

पावडर आत्ता बाजूला ठेवा. पोटातले जिवाणू मेलेले नाहीत. उलट त्यांच्यातले काही जण नको इतके माजले आहेत आणि ज्यांच्या जिवावर गाय चारा पचवते, ते मागे पडले आहेत. तुम्ही दिलेला खुराक वाईट नव्हता, त्याचं प्रमाणही या दुधाला फारसं जास्त नव्हतं. चूक झाली ती फक्त दिवसांच्या हिशेबात. जो बदल तीन आठवड्यांत व्हायला हवा होता तो चार दिवसांत झाला. हे नीट समजलं तर उपाय काय करायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक थेंब बघू. आजारी गाय तपासताना मी नळी घालून कोटीपोटातलं, म्हणजे तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यातलं, पाणी काढतो. सुरुवातीला लाळ मिसळून येते ती टाकून देतो, पुढचं पाणी भांड्यात घेतो. चारा खाणाऱ्या निरोगी गाईचं हे पाणी हिरवट-तपकिरी, किंचित दाट आणि चिकटसर असतं. वासही उग्र असला तरी घाण नसतो. कोमट काचेवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाच्या अगदी कमी भिंगाखाली धरला, की वारूळ फुटल्यासारखी हालचाल दिसते. हे आदिजीव, म्हणजे एकाच पेशीचे सूक्ष्म जीव. लहान, मोठे, लांबट, गोल. अंगावरच्या केसांनी पाणी कापत इकडून तिकडे धावत असतात. काहींच्या पोटात गिळलेले पिठाचे कण दिसतात. काच गार झाली की ते मंदावतात, म्हणून ही तपासणी गोठ्यातच पटकन करावी लागते. तुमच्या गाईसारख्या लक्षणांच्या गाईचा थेंब पाहिला, तर मोठे आदिजीव विरळ झालेले किंवा पार नाहीसे झालेले असतात आणि मागे थोडे लहान उरतात. आम्लता वाढली की आधी मोठे जातात.

दुसरी एक साधी चाचणी आहे. याच पाण्यात मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचे थोडे थेंब टाकायचे आणि घड्याळाकडे बघायचं. वस्ती जोमात असेल तर तीन ते सहा मिनिटांत निळा रंग उडतो आणि पाणी पुन्हा मूळ रंगावर येतं. जिवाणू सुस्त असतील तर पंधरा मिनिटं झाली तरी निळेपणा तसाच. इतकी वर्षं झाली, तरी तो रंग उडताना बघायला मला आवडतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा श्वासच जणू त्यात दिसतो.

हे जीव किती असतात? मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर ते दोनशे लिटरचं. त्यातल्या एका मिलिलिटरमध्ये एक हजार कोटींहून जास्त जिवाणू, लाखाच्या आसपास आदिजीव, शिवाय मिथेन तयार करणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) आणि बुरशा. बुरशांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बुरशीला जगायला प्राणवायू लागतोच, असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. कोटीपोटात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून तिथे पोहणाऱ्या काही पेशी दिसायच्या त्यांना सगळे आदिजीव समजत. 1975 मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवलं की त्या बुरशीच्या तरत्या बीजपेशी आहेत. या बुरशा चाऱ्याच्या कडक काडीत मुळांसारखे धागे घुसवतात, काडी आतून फोडतात आणि जिवाणूंना आत शिरायला वाट करून देतात. संख्येने थोड्या, पण जाड काड्यांच्या वैरणीवर त्यांचं काम मोठं.

आता तुमच्या गाईच्या मूळ मुद्द्याकडे. गाईच्या स्वतःच्या शरीरात सेल्युलोज, म्हणजे चाऱ्यातला तंतू, तोडणारा एकही पाचक रस नाही. तंतू तोडतात ते जिवाणू. फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनेस, रुमिनोकॉकस अल्बस आणि रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्स ही त्यातली मुख्य मंडळी. ते पाण्यात तरंगत काम करत नाहीत. चाऱ्याच्या तुकड्याला घट्ट चिकटतात आणि चिकटलेल्या जागेवरच तो विरघळवतात. कोटीपोटातल्या एकूण सूक्ष्मजीवांपैकी बहुतेक असे चाऱ्याला चिकटलेलेच असतात. म्हणूनच वाळलेल्या लांब चाऱ्याचा पोटात तरंगणारा जाड थर इतका महत्त्वाचा. तो थर म्हणजे त्यांची घरं. थर पातळ झाला की ही मंडळी उघड्यावर येतात.

तंतू तोडून त्यांच्याकडून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडतं. पिठूळ पदार्थ, म्हणजे धान्य, तोडणारे जिवाणू वेगळे. त्यांच्यामुळे प्रोपिऑनिक आम्लाचं प्रमाण वाढतं. तिसरं ब्युटिरिक. ही तीन आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के त्यांच्यातूनच मिळते. प्रोपिऑनिकपासून यकृत साखर बनवतं, त्या साखरेतून कासेत दुधाची साखर तयार होते, आणि दूध किती लिटर निघणार हे बरंचसं त्यावर ठरतं. फॅट बांधायला मात्र कासेला अ‍ॅसिटिक आणि ब्युटिरिकमधून आलेला कच्चा माल लागतो. भरपूर चारा खाणाऱ्या गाईत ही तीन आम्लं साधारण 65, 20 आणि 15 अशा वाटणीत असतात. धान्य वाढवलं की अ‍ॅसिटिकचा वाटा घटतो, प्रोपिऑनिकचा वाढतो. पहिल्या काही दिवसांत तुमचं दूध का चढलं, हे यातून लक्षात येईल. तो फायदा खरा होता.

मग बिघडलं कुठे? धान्य तोडणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा एक जिवाणू तर मनासारखं खाद्य मिळालं की अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. त्याच्याकडून लॅक्टिक आम्ल निघतं, जे बाकीच्या तीन आम्लांच्या सुमारे दसपट तीव्र असतं. हे लॅक्टिक खाऊन संपवणारे जिवाणूही पोटात असतात, मेगास्फेरा एल्सडेनी आणि सेलेनोमोनास रुमिनॅन्शियम हे त्यातले प्रमुख. पण ते सावकाश वाढतात. त्यांची फौज उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. धान्य रोज थोडं थोडं वाढलं असतं तर खाणारे आणि बनवणारे बरोबरीने वाढले असते. चार दिवसांत पाच किलो वाढल्यावर बनवणारे पुढे पळाले आणि खाणारे मागे राहिले.

त्यात कोटीपोटाची भिंतही तयार नव्हती. भिंतीवर बोटांसारखे छोटे उंचवटे असतात, आम्लं शोषून घेण्याचं काम त्यांचं. भाकड काळात नुसत्या वैरणीवर ते आखूड होतात आणि खुराक सुरू झाल्यावर पुन्हा वाढायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गाईच्या पोटात आम्ल जास्त तयार होतं आणि शोषणारी जागा कमी असते. अनुभवी माणसं या दिवसांत हात आखडून खुराक देतात त्यामागे हेच आहे.

तिसरी गोष्ट लाळ. गाय दिवसाला 100 ते 150 लिटर लाळ तयार करते, आणि त्या लाळेतून किलोभराहून जास्त सोडा पोटात जातो. हा सोडा तिला फुकट मिळतो, पण चघळल्याशिवाय मिळत नाही. निरोगी गाय दिवसातून सात ते नऊ तास रवंथ करते. तुमच्या गाईने भरडा खाल्ला, तो चघळायला वेळ लागला नाही, पोट भरल्यामुळे वैरण कमी खाल्ली, रवंथ घटला आणि जेव्हा सोड्याची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच तो कमी पडला.

परिणामी पोटातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) घसरतो. तो 6 च्या खाली गेला की तंतू तोडणारे जिवाणू वाढणं थांबवतात. दिवसातले तीन-चार-पाच तास तो 5.6 ते 5.8 च्याही खाली राहू लागला, की त्याला आम्ही छुपी आम्लता म्हणतो. गाय आडवी पडत नाही, ताप येत नाही, म्हणून ती लवकर कळत नाही. तुम्ही लिहिलेलं ‘एक दिवस खाते, दुसऱ्या दिवशी टाकते’ हे तिचं अगदी ओळखीचं लक्षण. पोट आंबलं की गाय खाणं सोडते, सामू वर येतो, भूक लागते, ती पुन्हा तुटून पडते आणि पुन्हा आंबतं. फेसकट शेणाचा अर्थ असा, की कोटीपोटात न पचलेलं धान्य पुढे मोठ्या आतड्यात जाऊन तिथे आंबतंय. आम्लतेत मरणाऱ्या जिवाणूंच्या कवचातून विषारी द्रव्यं सुटतात आणि भिंतीला जखम झाली तर जंतू यकृतापर्यंत पोहोचतात. हे महिनोन्‌महिने चाललं तर खूर दुखू लागतात, यकृतात गळवं होतात. तुम्ही तिसऱ्याच आठवड्यात विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

फॅटबद्दल एक गोष्ट अजून सांगायला हवी, कारण नुसत्या अ‍ॅसिटिकच्या घटीने 4.1 वरून 2.9 इतकी घसरण होत नाही. चारा, धान्य आणि पेंडीतल्या तेलावर जिवाणू काम करतात. ते तेल त्यांना बाधतं, म्हणून ते त्याचं रूप बदलून टाकतात. सामू ठीक असताना हे काम एका वाटेने होतं. सामू घसरला आणि वस्ती बदलली, की ते दुसऱ्या वाटेला लागतं आणि त्यातून एक वेगळं मेदाम्ल तयार होतं. त्याचं नाव ट्रान्स-10, सिस-12 सीएलए. हे मेदाम्ल रक्तातून कासेत पोहोचलं की फॅट बनवणारी यंत्रणाच मंद होते. दिवसाला दोन-तीन ग्रॅम पोहोचलं तरी पुरे. मीही सुरुवातीची बरीच वर्षं फॅट उतरली की फक्त ‘वैरण वाढवा’ एवढंच सांगत असे. आता सोबत तेल किती जातंय हेही विचारतो. तुमच्या खुराकात तेलबियांचा किंवा तेलकट पेंडीचा भाग मोठा असेल तर तोही काही दिवस कमी करा.

आता पावडरीकडे येऊ. अमेरिकेत 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन-दोन गाईंच्या जोड्या करून त्यांच्या कोटीपोटातला 95 टक्क्यांहून अधिक ऐवज एकमेकींत अदलाबदल केला. म्हणजे एका गाईच्या पोटात जवळपास पूर्णपणे दुसरीची वस्ती. सामू आणि आम्लांचं प्रमाण एका दिवसातच प्रत्येकीच्या आपापल्या जुन्या पातळीवर आलं, आणि पुढच्या आठवड्यांत जिवाणूंची वस्तीही पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे वळू लागली. कुणाची लवकर, कुणाची सावकाश. शंभर लिटर ताजी वस्ती आत ओतूनही ती जशीच्या तशी टिकत नसेल, तर चमचाभर पावडरीतले जिवाणू कायमचे घर करतील ही आशा धरता येत नाही. पोटात कोण राहणार हे ठरतं गाय काय खाते, किती चघळते आणि तिचा स्वतःचा घाट कसा आहे यावर.

याला एक सुंदर अपवाद आहे. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून पोटात बनणाऱ्या विषाने ऑस्ट्रेलियातल्या जनावरांचं गलगंड वाढायचं, केस गळायचे. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेळ्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली. ते विष खाणाऱ्या जिवाणूला पुढे त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय म्हणू लागले. तिथे हे जमलं, कारण त्या विषावर जगणारं त्या पोटांत आधी कुणीच नव्हतं. जागा रिकामी होती आणि तिचं खाद्य रोज येत होतं. तुमच्या गाईच्या पोटात अशी रिकामी जागा नाही. तंतू तोडणारे तिच्याकडे आहेतच, त्यांना फक्त जगण्याजोगा सामू हवा आहे.

यीस्ट ही वेगळी वस्तू. जिवंत यीस्ट पोटात वस्ती करत नाही, रोज द्यावं लागतं. ते गिळलेल्या चाऱ्याबरोबर आलेला थोडाफार प्राणवायू खाऊन टाकतं आणि लॅक्टिक खाणाऱ्यांना हातभार लावतं. फायदा असतो, पण बेताचा, आणि आहार सुधारल्यानंतरचा. आधी पुढचं सगळं करा, मग वाटलं तर यीस्ट द्या.

आजपासून खुराक पाच किलोंवर आणा. एकदम बंद करू नका, ताजी व्यायलेली गाय आहे, ऊर्जा तुटली तर किटोसिस (ऊर्जेसाठी अंगातली चरबी जाळल्याने होणारा आजार) मागे लागेल. हे पाच किलो दोन वेळांऐवजी चार वेळांत विभागून द्या आणि कोणत्याही वेळी आधी वैरण, मग खुराक. सकाळी रिकाम्या पोटी भरडा पडणं हे सगळ्यात वाईट. मका पिठासारखा बारीक दळलेला असेल तर पुढच्या वेळी जाडसर भरडा. पीठ पोटात पडताक्षणी आंबतं. वाळलेली वैरण दिवसभर समोर राहू द्या, पण तिच्या काड्या फार लांब ठेवू नका, नाहीतर गाय खालचा दाणा निवडून खाईल आणि काड्या तशाच टाकेल. तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे ठीक. गव्हाणीत उरलेलं हातात घेऊन बघा. उरलंय ते फक्त काड्याच असतील, तर तुम्ही दिलेला आहार आणि तिने खाल्लेला आहार हे दोन वेगळे आहेत.

खाण्याचा सोडा दिवसाला 150 ते 200 ग्रॅम, खुराकातून विभागून, दोन-तीन आठवडे चालेल. पाणी भरपूर आणि स्वच्छ. शेण घट्ट होऊ लागलं, गाय रोज एकसारखं खाऊ लागली, की मग दर तीन दिवसांनी अर्धा किलो या वेगाने खुराक वाढवा. नऊ किलोंवर पोहोचायला सुमारे साडेतीन आठवडे लागतील. तेवढे लागू द्या. मध्ये कुठे शेण सैल झालं तर तिथेच थांबा, मागे जाऊ नका.

दूध दोन-चार दिवस आणखी थोडं उतरेल. घाबरू नका. फॅट यायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण वस्ती पूर्ववत व्हायला तेवढा काळ जातो. आठव्या दिवशी फॅट मोजून ‘काही फरक नाही’ म्हणून आहार पुन्हा बदलू नका. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या गाई या उतावळेपणानेच लांबल्या.

एक मात्र लक्षात ठेवा. गाईने खाणं आणि रवंथ पूर्ण सोडला, डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) दाबल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, शेण राखाडी आणि आंबूस झालं, चालताना तोल जाऊ लागला किंवा ती बसून राहिली, तर ही छुपी आम्लता उरलेली नाही. सामू 5 च्या आसपास गेलेला असतो आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. लगेच पशुवैद्यकाला बोलवा. घरच्या घरी तोंडातून काही ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर गाय त्यानेच दगावेल. अशा गाईला सावरल्यावर, किंवा अनेक दिवस उपाशी राहिलेल्या गाईला, आम्ही निरोगी गाईच्या कोटीपोटातलं आठ-दहा लिटर पाणी कापडातून गाळून, कोमट असतानाच नळीने देतो. ते पावडरीहून कितीतरी सरस, कारण त्यात जिवाणू, आदिजीव, बुरशा आणि त्यांचं तयार खाद्य सगळं एकत्र असतं. पण त्याचीही गरज पोट ओस पडलेल्या गाईला. तुमच्या गाईचं पोट ओस पडलेलं नाही.

पुढच्या वेतासाठी आत्ताच नोंद करून ठेवा: विण्याच्या तारखेआधी तीन आठवड्यांपासून, व्यायल्यावर देणार तोच खुराक एक-दीड किलोपासून सुरू करायचा आणि दोन-तीन किलोंपर्यंत न्यायचा. तोच म्हणजे तोच, दुसरा नव्हे. जिवाणूंची ओळख आधी झालेली असली की व्यायल्यानंतरचा पहिला महिना बराच हलका जातो.

आणि रोज एक काम करा. गाय निवांत बसलेली असताना तिच्यासमोर उभं राहून एका घासाला ती किती वेळा चघळते ते मोजा. 50 ते 70 आलं तर थर बांधला जातोय. आज कदाचित 35-40 येईल. रोजचा आकडा शेणाच्या वर्णनासोबत वहीत लिहा आणि दोन आठवड्यांनी ती वही आणि त्या दिवशीची फॅट मला कळवा, म्हणजे खुराक पुढे कसा चढवायचा ते त्यावरून ठरवू.